प्रोसेसर मोजायचा तर माप आपल्या कामाचं हवं: स्वतःचा बेंचमार्क लिहिण्याची पूर्ण पद्धत

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. आठवड्यातून दोन दिवस मी तिथे मुलामुलींना सी भाषा शिकवते. खोलीत तीन जुने डेस्कटॉप आहेत, तिघांतही इंटेलचा आय-५ ३४७० प्रोसेसर. चौथा एक लॅपटॉप आहे, सेलेरॉन एन४०२० चा. गावातून शिकून गेलेल्या एका मुलाने तो दिला. मागच्या वर्षी "डेस्कटॉप फार हळू झाले, प्रोसेसर जुना झाला" अशी ओरड सुरू झाली. नव्या मशीनचं कोटेशन आलं आणि त्याला जोडून एक स्कोअरही आला. नव्या मशीनचा आकडा जुन्याच्या दुप्पट होता. बारावीतल्या एका मुलीने तो कागद हातात घेऊन विचारलं, "मॅडम, पण कशाचे दुप्पट?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. कोणत्या कामावर मोजलं, कोणत्या जुन्या मशीनशी ताडलं, किती वेळा चालवलं, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून आम्ही स्वतःच एक बेंचमार्क, म्हणजे मशीनचा वेग मोजणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. आम्ही तो कसा लिहिला आणि कुठे चुकलो ते इथे क्रमाने सांगते. सी येणाऱ्या कुणालाही दोन-तीन आठवड्यांत हे जमेल.

आधी एक हिशोब

एखादं काम करायला प्रोसेसरला लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: किती सूचना पार पाडायच्या, एका सूचनेला सरासरी किती ठोके लागतात, आणि एक ठोका किती वेळाचा. डब्यावर छापलेला गिगाहर्ट्झचा आकडा यातली फक्त तिसरी गोष्ट सांगतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. त्या ठोक्यांत काम किती झालं, हे त्यातून कळत नाही. २००० साली आलेला पेंटियम ४ पुढे ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला. २००६ मध्ये १.८६ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ आला आणि एका ठोक्यात जास्त काम उरकून त्याने बरीच कामं पेंटियमपेक्षा लवकर केली.

हा तीन भागांचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे आकडा विचित्र आला की आधी इथेच परत यायचं.

पहिली पायरी: आपलं काम मोजा

कृत्रिम बेंचमार्क, ज्याला सगळे सिंथेटिकच म्हणतात, तो स्वतः काहीच उपयोगाचं काम करत नाही. खऱ्या कामात कोणत्या प्रकारच्या सूचना किती प्रमाणात येतात ते पाहून त्याच प्रमाणात बनवलेलं ते एक नमुन्याचं काम असतं. बेंचमार्कची सारी किंमत त्या प्रमाणावर असते.

या प्रकारातलं एक फार जुनं नाव आहे व्हेटस्टोन, आणि ते मुळात एका गावाचं नाव आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमधल्या या गावी इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांनी केडीएफ-९ संगणकासाठी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर बनवला होता. तो प्रोग्रॅमचं रूपांतर मधल्या पातळीच्या सूचनांत करायचा, त्यामुळे खऱ्या शास्त्रीय प्रोग्रॅममध्ये कोणती सूचना किती वेळा येते हे मोजता आलं. ही मोजणी ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या ब्रायन विचमन यांनी केली, आणि तिच्या आधारे ब्रिटिश सरकारच्या तांत्रिक विभागातल्या हॅरोल्ड कर्नो यांनी १९७२ मध्ये बेंचमार्क लिहिला. आधी मोजणी झाली आणि प्रोग्रॅम नंतर आला, हा क्रम महत्त्वाचा.

व्हेटस्टोनचा भर दशांशाच्या गणितावर होता. कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, याद्या, मजकूर या कामांत दशांश फारसा येत नाही. म्हणून रायनहोल्ड वाइकर यांनी १९८४ मध्ये ड्रायस्टोन आणला. त्यात पूर्णांक, स्ट्रिंग, रेकॉर्ड आणि फंक्शनला हाका मारणं यांचं मिश्रण होतं. व्हेटस्टोनमध्ये इंग्रजीतल्या 'वेट'चा म्हणजे ओल्याचा भास होतो, म्हणून दुसरा 'ड्राय', असा तो शब्दखेळ.

जिनिंगवर कापसाची गाडी लागली की ग्रेडर वरवरचा कापूस बघून भाव सांगत नाही. तो हात कोपरापर्यंत आत घालतो, तळातला, कडेचा, मधला असा मूठमूठ कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून बघतो, ओलावा तपासतो. आपल्या कामाचा नमुनाही असाच आतून काढायचा.

लिनक्सवर यासाठी 'परफ' नावाचं साधन आहे. 'परफ स्टॅट' लावून कोणतंही काम चालवलं की किती सूचना झाल्या, किती ठोके गेले, किती वळणं ('असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असे फाटे) आली, त्यातल्या किती वळणांचा प्रोसेसरचा अंदाज चुकला, आणि जास्त तपशील मागितला तर कॅशेमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान साठ्यात) माहिती न सापडल्याने किती वेळा पुढे जावं लागलं, हे सगळं मिळतं. 'परफ रेकॉर्ड' कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते दाखवतं. आम्ही अभ्यासिकेतली रोजची तीन कामं निवडली: मराठी नावांची लांबलचक यादी अकारविल्हे लावणं, खर्चाच्या पत्रकाची बेरीज-वजाबाकी, आणि मुलांचे सीचे प्रोग्रॅम कंपाइल करणं. ब्राउझर मुद्दाम सोडला. त्यात इंटरनेटचा वेग मिसळतो आणि प्रोसेसर बाजूलाच राहतो.

या आकड्यांवरून प्रमाण अगदी काटेकोर निघत नाही, अंदाज घ्यावा लागतो. आमचा अंदाज असा ठरला: मजकुराला वेळेतले ३० टक्के, मेमरीतल्या उड्यांना ३०, वळणांना २०, पूर्णांकी गणिताला १५ आणि दशांशाला ५. तुमचं प्रमाण वेगळं असेल आणि असायलाच हवं. शेताचे नकाशे किंवा ड्रोनचे फोटो जोडण्याचं काम कुणी करत असेल, तर त्याचा दशांशाचा वाटा कितीतरी मोठा निघेल.

दुसरी पायरी: तुकडे लिहा

प्रत्येक प्रकाराचा वेगळा छोटा तुकडा लिहायचा आणि त्याचा वेळ वेगळा मोजायचा. सगळं एकाच लूपमध्ये कोंबलं तर मशीन कुठे अडलं ते कधीच कळणार नाही.

पूर्णांकासाठी आम्ही जॉर्ज मार्साग्लिया यांची २००३ ची एक्सॉरशिफ्ट पद्धत घेतली. ३२ बिटांचा एक आकडा घ्यायचा. तो १३ घरं डावीकडे सरकवून मूळ आकड्याशी एक्सॉर (बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०) करायचा, मग १७ घरं उजवीकडे, मग ५ घरं डावीकडे. सुरुवात शून्याने करू नका, शून्याचा शून्यच राहतो. इथे प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचं उत्तर लागतं, म्हणून प्रोसेसरला पुढचं काम आधी उचलता येत नाही. याच तुकड्याची दुसरी प्रत करून तिच्यात चार स्वतंत्र आकडे एकाच वेळी फिरवा. आजचे प्रोसेसर एका ठोक्यात अनेक सूचना उचलतात, म्हणून चौपट काम होऊनही वेळ चौपट होत नाही. पहिली प्रत रांगेत एकामागून एक करायच्या कामाचा वेग सांगते, दुसरी बरोबरीने करता येणाऱ्या कामाचा. दोन्ही हव्यात.

दशांशाच्या तुकड्यात आकडे ताब्यात ठेवा. सारखा गुणाकार करत गेलात तर आकडा अनंताकडे पळेल किंवा शून्याच्या अगदी जवळ जाईल. शून्यालगतच्या अतिसूक्ष्म आकड्यांवर बऱ्याच प्रोसेसरचा वेग एकदम पडतो, आणि तुमच्या हाती वेगळ्याच गोष्टीचं माप येतं. प्रत्येक फेरीत ०.९९९ ने गुणून ०.००१ मिळवलं तर आकडा १ च्या आसपास राहतो.

वळणांसाठी ० ते २५५ मधले आकडे एका ॲरेमध्ये भरा आणि १२८ किंवा त्याहून मोठे तेवढेच बेरजेत घ्या. एकदा ॲरे विस्कळीत ठेवून चालवा, एकदा चढत्या क्रमाने लावून. प्रोसेसर वळणाचा आधीच अंदाज बांधून पुढे निघालेला असतो. क्रम लावलेला असला की अंदाज बरोबर येतो. विस्कळीत ॲरेमध्ये निम्मे अंदाज चुकतात आणि प्रत्येक चुकीला साधारण १५ ते २० ठोके वाया जातात. दोन्हींना लागलेला वेळ सारखाच आला तर समजा, कंपायलरने ते वळण काढून बिनवळणाची सूचना घातली आहे. कंपायलरने काय लिहिलं ते असेंब्लीत उघडून बघा. आम्हाला तेच करावं लागलं.

मजकुराचा तुकडा मराठीतच लिहा, हा माझा आग्रह आहे. ड्रायस्टोनमध्ये ३० अक्षरांच्या इंग्रजी स्ट्रिंग आहेत आणि प्रत्येक अक्षराला एकच बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'विदर्भ' या शब्दात व, वेलांटी, द, र, हलन्त आणि भ अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं. आमचं काम गावांची आणि माणसांची नावं लावण्याचं असेल, तर इंग्रजी स्ट्रिंगवर काढलेलं माप आमच्या काय कामाचं? आम्ही पाच हजार बनावट नावं तयार केली. ती स्वल्पविरामावर तोडणं, दोन नावं ताडून बघणं आणि यादी लावणं, एवढं या तुकड्यात ठेवलं.

मेमरीचा जिना

या तुकड्यावर जास्त वेळ घालवा. जुन्या-नव्या मशीनमधला खरा फरक बहुतेक वेळा इथेच दिसतो.

प्रोसेसरजवळ छोटी पण वेगवान कॅशे असते, तिच्यामागे मोठी पण हळू, आणि सगळ्यात मागे रॅम. घरात चुलीजवळ तिखट-मिठाचा डबा, माळ्यावर धान्याची कोठी आणि शेतावर गोदाम असावं तसं. पहिल्या कॅशेतून माहिती चार-पाच ठोक्यांत हाती येते. रॅमपर्यंत जावं लागलं तर ८० ते १०० नॅनोसेकंद जातात. ३ गिगाहर्ट्झवर ९० नॅनोसेकंद म्हणजे २७० ठोके.

हे मोजायला उड्यांची साखळी बांधायची. ॲरेच्या प्रत्येक खान्यात 'पुढे कुठे जायचं' एवढंच लिहायचं. प्रोसेसर एका खान्यात पोचला की मगच त्याला पुढचा पत्ता कळतो. उड्या वेड्यावाकड्या हव्यात. ओळीने गेलात तर प्रोसेसर पुढची माहिती आधीच मागवून ठेवतो. कॅशे एका वेळी ६४ बाइट उचलते, म्हणून प्रत्येक खाना ६४ बाइटांचाच ठेवा.

इथे आम्ही एक चूक केली, ती सांगते. साखळी विस्कटायला मुलांनी वर्गात शिकलेली पत्ते पिसण्याची नेहमीची पद्धत वापरली. ॲरेचा आकार वाढवत नेला की वेळेचा आलेख जिन्यासारखा पायऱ्यांनी चढायला हवा. हा जिना कधी नीट यायचा, कधी ६४ मेगाबाइटलाही वेळ एकदम कमी दिसायचा. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर उलगडा झाला. त्या पद्धतीने एक मोठी साखळी होईलच याची खात्री नसते, छोटी छोटी वर्तुळंही तयार होतात. आपला प्रोग्रॅम अशा एखाद्या वर्तुळात सापडला की तो मोजक्याच खान्यांत फिरत बसतो. ते खाने पहिल्या कॅशेत मावतात आणि रॅमचा संबंधच येत नाही. यावर उपाय सँड्रा सॅटोलो यांच्या १९८६ च्या पद्धतीचा. बदल इवलासा आहे:

साखळी[०] ते साखळी[न−१] मध्ये क्रमाने ० ते न−१ भरा
क = न−१ पासून १ पर्यंत उतरत या
   ख = ० ते क−१ मधला कोणताही आकडा (क स्वतः चालणार नाही)
   साखळी[क] आणि साखळी[ख] यांची अदलाबदल करा

कंसातली अट हीच सगळी गोम आहे. ती पाळली की सगळे खाने एकाच फेरीत गुंफले जातात.

मग ॲरेचा आकार १६ किलोबाइटपासून दुप्पट करत ६४ मेगाबाइटपर्यंत न्या आणि प्रत्येक आकाराला एका उडीचा सरासरी वेळ आलेखावर मांडा. पायऱ्या दिसू लागतात. आय-५ ३४७० ला पहिली कॅशे ३२ किलोबाइट, दुसरी २५६ किलोबाइट, तिसरी ६ मेगाबाइट, म्हणून तीन चढ. एन४०२० ला पहिली २४ किलोबाइट, त्यामागे थेट ४ मेगाबाइट आणि तिसरी नाहीच, म्हणून दोनच चढ. आलेख काढायच्या आधी मुलांकडून हे चढ कागदावर पेन्सिलीने काढून घेतले होते. छापलेला आलेख त्या कागदावर ठेवला आणि चढ जागेवर बसले. त्या दिवशी अभ्यासिका रात्री साडेनऊला बंद झाली. मोठ्या आकारांना मेमरीच्या पानांचे (ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे जे तुकडे पाडते त्यांचे) पत्ते शोधण्याचा वेळही या मापात मिसळतो, एवढं ध्यानात असू द्या.

तिसरी पायरी: कंपायलरला काम पुसू देऊ नका

पूर्णांकाचा तुकडा पहिल्यांदा चालवला तेव्हा १० कोटी फेऱ्यांना लागलेला वेळ शून्याच्या जवळ आला. लिहिणारा मुलगा खूश झाला. "मॅडम, हे तं सुरू व्हायच्या आधीच सपलं!" मी त्याला खडू दिला आणि फळ्यावर हिशोब करायला लावला. एका फेरीत सहा सूचना, प्रत्येक आधीच्या उत्तरावर अवलंबून, म्हणजे किमान सहा ठोके. १० कोटी फेऱ्यांचे ६० कोटी ठोके. सेकंदाला ३०० कोटी ठोके धरले तरी ०.२ सेकंद लागलेच पाहिजेत. त्याहून लवकर उत्तर आलं तर काम झालेलंच नाही.

झालं असं होतं की शेवटी आलेला आकडा प्रोग्रॅममध्ये पुढे कुठेच वापरला नव्हता. कंपायलरने पाहिलं की हे उत्तर कुणालाच नको आहे, आणि अख्खं लूप उडवून टाकलं. ड्रायस्टोनलाही हाच त्रास झाला. कंपायलर हुशार होत गेले तसे त्यातले तुकडे गळू लागले, आणि १९८८ मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली.

यावर तीन गोष्टी करा. प्रत्येक तुकड्याचं उत्तर एका एकत्रित तपासणी-आकड्यात मिसळा आणि तो शेवटी छापा. तो सगळ्या मशीनवर सारखा यायला हवा. फरक पडला तर माप टाकून द्या आणि चूक शोधा. दुसरं, सुरुवातीचा आकडा आणि फेऱ्यांची संख्या प्रोग्रॅम सुरू करताना बाहेरून द्या. आत लिहून ठेवली तर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवू शकतो. तिसरं, मोजायची फंक्शन्स वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि लिंक करतानाची सुधारणा (ऑप्टिमायझेशन) बंद ठेवा. कंपायलरच्या सगळ्याच सुधारणा बंद करणं हा मात्र उपाय नाही, कारण खरी सॉफ्टवेअर तशी बनलेली नसतात. दुसऱ्या पातळीची सुधारणा चालू ठेवावी असं माझं मत आहे.

प्रोसेसरची तुलना करताना सगळीकडे एकच तयार बायनरी चालवा. प्रत्येक मशीनवर वेगळी कंपाइल केलीत तर कंपायलरचा फरक प्रोसेसरच्या नावावर जमा होतो. बायनरी साध्या ६४ बिटी सूचनांचीच असू द्या. एव्हीएक्ससारख्या, एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या खास सूचना आय-५ ३४७० ला येतात, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी नव्या एन४०२० ला येत नाहीत.

चौथी पायरी: घड्याळ

सिस्टिमचं नेहमीचं घड्याळ वापरू नका. इंटरनेटवरून वेळ जुळवताना ते मागेपुढे सरकतं. फक्त पुढेच जाणारं मोनोटोनिक घड्याळ घ्या. त्याच्यासोबत प्रोसेसरने या प्रोग्रॅमला दिलेला वेळही मोजा. हे तुकडे एकाच कोअरवर चालतात आणि डिस्कला हात लावत नाहीत, म्हणून दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. एक-दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मध्ये दुसरं कुणीतरी प्रोसेसर वापरलाय. ती फेरी रद्द करा.

माप फार छोटं नको. एम्बेडेड प्रोसेसरसाठी २००९ मध्ये आलेल्या कोअरमार्कमध्ये किमान १० सेकंद चालवण्याचा नियम आहे, तोच आम्ही उचलला. फेऱ्या दुप्पट करत जायच्या, एक सेकंद ओलांडला की त्यावरून १० सेकंदांना किती फेऱ्या लागतील ते काढायचं. प्रोग्रॅम लिनक्सच्या 'टास्कसेट' या आज्ञेने एका कोअरला बांधून ठेवा, म्हणजे तो मध्येच इकडून तिकडे जाणार नाही.

पाचवी पायरी: वैशाखातलं माप

कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा भाग आपल्यासाठी लिहिलेला नसतो, म्हणून जरा सविस्तर. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या खोलीत आत त्याहून कमी नसतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला ठोके कमी करतो. सकाळी सातला घेतलेलं माप आणि दुपारी दोनला घेतलेलं माप ही दोन वेगळ्या मशीनची वाटावीत इतकी वेगळी येऊ शकतात. एन४०२० च्या डब्यावर १.१ ते २.८ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. वरचा आकडा थोड्या वेळापुरता असतो. तो किती टिकेल हे गारव्यावर ठरतं.

म्हणून खोलीत साधा थर्मामीटर टांगा आणि प्रत्येक मापाशेजारी तापमान लिहा. कूलर चालू की बंद, तेही लिहा. एक माप थंड मशीनवर घ्या. दुसरं सलग १५ मिनिटं चालवून, दर मिनिटाचा वेग टिपत. दुसऱ्या मापाची रेघ सपाट राहिली तर मशीन गारवा राखतंय. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ती घसरली तर आधी कॅबिनेट उघडून बघा. जिनिंगच्या मोसमात गावात रुईचे तंतू उडत असतात आणि ते थेट प्रोसेसरच्या पंख्यात जाऊन बसतात. आमच्या एका डेस्कटॉपच्या हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, बोटभर जाड रुईचा थर निघाला. पात्या दिसतच नव्हत्या. त्याखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

विजेचं म्हणाल तर व्होल्टेज कमी झाल्याने डेस्कटॉपचा प्रोसेसर हळू होत नाही. पॉवर सप्लाय ते सांभाळतो, आणि नाहीच झेपलं तर मशीन बंद पडतं. लॅपटॉपचं वेगळं. बॅटरीवर तो आपोआप वेग कमी करतो. भारनियमनाच्या वेळेत घेतलेलं लॅपटॉपचं माप बाजूला ठेवा. लिनक्समध्ये गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर न्या, विंडोजमध्ये पॉवर प्लॅन बदला. अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी त्या वेळेपुरती थांबवा.

अभ्यासिका इन्व्हर्टरवर चालत असेल तर वॅटही नोंदवा. ३४७० ची उष्णतेची मर्यादा ७७ वॅट, एन४०२० ची ६ वॅट. संध्याकाळी वीज गेल्यावर किती वेळ अभ्यास चालेल हे या आकड्यांवर ठरतं. वेगाच्या स्कोअरमध्ये ते येत नाही, म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

सहावी पायरी: किती वेळा चालवायचं

पहिली फेरी सोडून द्या, त्यात कॅशे रिकामी असते. नंतर नऊ फेऱ्या घ्या आणि क्रमाने लावून मधली, म्हणजे पाचवी, निवडा. सरासरी नको, एखादी बिघडलेली फेरी सगळी सरासरी ओढून नेते. सर्वात कमी आणि सर्वात जास्त वेळही लिहा. दोघांत तीन टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर आकडा जाहीर करू नका, आधी कारण शोधा. दोन मशीन ताडताना एकावरच्या सगळ्या फेऱ्या आधी आणि दुसऱ्यावरच्या नंतर असं करू नका. आलटून पालटून घ्या, म्हणजे खोली तापत जाते त्याचा भार दोघांवर सारखा पडतो.

सातवी पायरी: एका आकड्यात आणायचं तर

एक मशीन आधार मानायचं आणि बाकीच्यांचा वेळ त्याच्या पटीत लिहायचा. ड्रायस्टोनसाठी व्हॅक्स ११/७८० हा जुना संगणक असा आधार होता. त्याच्या सेकंदाला १७५७ ड्रायस्टोन म्हणजे १ धरतात.

पटींची साधी सरासरी काढू नका. समजा 'क' मशीन आधार आहे आणि त्याच्या तुलनेत 'ख' मशीन एका तुकड्यात दुप्पट वेगवान आहे, दुसऱ्यात निम्म्या वेगाचं. २ आणि ०.५ ची सरासरी १.२५, म्हणजे 'ख' सव्वापट भारी. आता 'ख'ला आधार धरा. 'क'चे आकडे ०.५ आणि २ येतात, सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे 'क' सव्वापट भारी. दोन्ही खरं असू शकत नाही. भूमितीय सरासरी घेतली, म्हणजे २ × ०.५ चं वर्गमूळ काढलं, तर दोन्हीकडून १ येतो. बेंचमार्क बनवणाऱ्या स्पेक संस्थेचे स्कोअर याच पद्धतीने काढतात.

पण आपल्याकडे आपल्या कामाचं प्रमाण मोजलेलं आहे. आधारभूत मशीनवर कोणत्या प्रकाराला किती वेळ जातो हे माहीत असताना मी सरळ एकूण वेळ काढते. आकडे समजावण्यापुरते घेऊ. 'ख'ला 'क'च्या तुलनेत लागणारा वेळ: मजकूर ०.८ पट, मेमरी १.४, वळणं ०.९, पूर्णांक ०.६, दशांश ०.५. आमच्या प्रमाणाने गुणलं तर ०.२४ + ०.४२ + ०.१८ + ०.०९ + ०.०२५, बेरीज ०.९५५. पूर्णांकाचा तुकडा दाखवून 'वेळ ४० टक्के वाचतो' असं सांगता आलं असतं, आणि तेही खोटं ठरलं नसतं. आमच्या कामात मात्र साडेचार टक्केच वाचतात. तुकड्यांचे पाच आकडे एकूण आकड्याशेजारी नेहमी छापा.

आठवी पायरी: खऱ्या कामाशी ताडा

तेच खरं काम, म्हणजे आमची नावांची यादी, प्रत्येक मशीनवर घड्याळ लावून करा आणि मशीनचा क्रम बेंचमार्कच्या क्रमाशी जुळतो का बघा. जुळला नाही तर प्रमाण चुकलं किंवा एखादा तुकडा भलतंच मोजतोय.

आमचा जुळला नाही. बेंचमार्कमध्ये रुई काढलेले, नवी पेस्ट लावलेले डेस्कटॉप लॅपटॉपच्या पुढे होते. खऱ्या कामात, फाइल उघडून यादी लावून जतन करेपर्यंत, लॅपटॉप पुढे. मग चौथ्या पायरीतली दोन घड्याळं खऱ्या कामालाही लावली. डेस्कटॉपवर भिंतीवरच्या घड्याळाने गेलेल्या वेळेचा चौथा हिस्साही प्रोसेसरने वापरला नव्हता. उरलेला वेळ तो हार्ड डिस्कची वाट बघत बसला होता. लॅपटॉपमध्ये एसएसडी होती, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, खूप वेगवान डिस्क.

कोटेशन परत पाठवलं. एका डेस्कटॉपला आधी एसएसडी बसवली आणि मुलांनी त्याच दुपारी दोन्ही मापं पुन्हा घेतली. यादीचं काम लॅपटॉपच्या आधी संपलं. बेंचमार्कचा आकडा मात्र आधीच्या नऊ फेऱ्यांच्या कमी-जास्तीच्या आतच आला. एका मुलाचं तोंड पडलं, "मॅडम, स्कोअर तं वाढलाच नाई." कोटेशनचा कागद धरून विचारणारी मुलगी त्याच्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "काहून वाढन? प्रोसेसर तं तोच हाये."